आधी बॅटरी बघा, मग कॅमेरा

पत्र थोडक्यात असं. नौपाड्यातल्या एक ताई लिहितात. वय ५८, मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झाल्या. भिशीतल्या मैत्रिणी आणि त्यांतल्या तिघींचे यजमान असे दहा जण सप्टेंबरअखेर नऊ दिवस हिमाचलातल्या स्पितीला निघाले आहेत. वाट सिमला, कल्पा, ताबो, काझा अशी. भिशीचे साठ हजार नुकतेच हातात आले आहेत आणि त्यांतून त्यांना पर्समध्ये मावेल असा कॅमेरा घ्यायचा आहे. मुलगा म्हणतो, "आई, फोन आहे की." यजमान म्हणतात, "घ्यायचाच तर लेन्स बदलता येणारा मोठा घे, हे खेळणं कशाला?" दुकानदाराने चाळीसपट झूमचा एक कॅमेरा पुढे केला आणि मेगापिक्सेलचा आकडा दोनदा ऐकवला.

ताईंच्या मनात मात्र २०१९ची कच्छची रात्र आहे. त्या लिहितात: "पौर्णिमा होती. पायाखाली पांढरं मीठ, वर चंद्र आणि हातात मेलेला कॅमेरा. २०१२ साली हौसेने घेतला होता. लेन्स बाहेर आली ती आतही जाईना. बॅटरीने ऐन वेळी दगा दिला. आदल्या रात्री चार्जिंगला लावणार होते, पण तंबूत एकच पॉइंट होता आणि त्याला ह्यांचा फोन लावलेला होता. असो." प्रश्न दोन आहेत. ऐन वेळी मान टाकणार नाही असा कॅमेरा कोणता? की या वयात हा हट्टच सोडून द्यावा?

ताई,

तुमच्या त्या 'असो'पाशी मी थबकले. सगळं पत्र कॅमेऱ्याबद्दल आहे आणि पॉइंटबद्दल एकच ओळ, पण कच्छात काय झालं ते त्या एका ओळीत आलं आहे. बॅटरीने दगा दिला नाही हो, तिला जेवायलाच मिळालं नव्हतं.

तिची बाजू थोडी मांडते. तुमची बॅटरी तेव्हा सात वर्षांची होती. लिथियम आयनचा सेल वापरा नाहीतर कपाटात ठेवा, वय होतं तशी त्याची ताकद उतरतेच. वर दिवसभर तुम्ही फोटो काढलेत, मैत्रिणींना स्क्रीनवर दाखवलेत (दाखवले असणारच), रात्री हवा गार झाली आणि गारठ्यात बॅटरी आणखी कमी देते. लेन्स बाहेरच राहिली, कारण ती आत घ्यायलाही मोटर लागते आणि मोटरला वीज. नवाकोरा, दुप्पट किमतीचा कॅमेरा त्या रात्री तुमच्या हातात असता, तरी उपाशीपोटी त्यानेही हेच केलं असतं.

म्हणून माझं सांगणं असं, की या वेळी निवड उलट्या टोकाकडून करा. फोटो किती छान येतो ते नंतर बघू. आधी तो कॅमेरा काय खातो, कुठे खातो आणि एका जेवणावर किती चालतो ते बघा.

त्याआधी घरातले सल्लागार. मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. २०१०च्या सुमाराला जगभरातल्या कंपन्या वर्षाला दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट, म्हणजे पर्समध्ये मावणारे छोटे, कॅमेरे विकायला पाठवत होत्या. २०२३ साली हा आकडा वीस लाखांच्याही खाली आला. मधल्या काळात फोनने हा धंदा गिळला, आणि उगाच नाही गिळला. आज बऱ्यापैकी फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातला सेन्सर (उजेड टिपणारी आतली चिप) स्वस्त कॉम्पॅक्टमधल्या सेन्सरपेक्षा मोठा असतो. पंधरा-वीस हजारांचा कॉम्पॅक्ट घ्यायचा विचार असता तर मीही म्हटलं असतं, मुलाचं ऐका आणि त्या पैशांत चांगले बूट घ्या.

पण स्पितीत फोनला काय काय करावं लागतं ते मुलाच्या हिशेबात नाही. नकाशा तोच, पैसे द्यायला तोच, रात्री टॉर्च तोच आणि नातवाचं तोंडही त्यातच बघायचं. कल्पा ज्यात आहे तो किन्नौर जिल्हा ओलांडला की रेंज येते-जाते, आणि रेंज शोधता शोधता फोन नुसता खिशात बसूनही बॅटरी पितो. संध्याकाळी डोंगर तांबूस व्हायला लागतात तेव्हा तुमच्या हातात पंधरा टक्के उरलेले असतात. मग फोटो काढायचा की घरी फोन करायचा? वेगळा कॅमेरा म्हणजे वेगळं पोट. वेगळा कॅमेरा घ्यायला मला तरी हे एक कारण पुरतं. दुसरं कारण झूमचं, त्याकडे येतेच.

यजमानांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. मोठ्या सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा फोटो चांगलाच काढतो. पण बॉडी आणि एक बरी झूम लेन्स मिळून वजन किलोच्या आसपास जातं आणि सकाळी सहाला हॉटेलातून निघताना ते किलोभर गळ्यात घ्यायची इच्छा रोज होत नाही. मी असा एक घेतला होता. एकदा हंपीला जाऊन आला, तेव्हापासून कपाटात ठेवणीतल्या पैठणीशेजारी आहे. पैठणी निदान लग्नाकार्याला बाहेर निघते. त्यांना मोठा कॅमेरा एवढाच आवडत असेल तर त्यांच्या भिशीतून त्यांनी घ्यावा.

आता दुकानदार. मेगापिक्सेल विसरा. वीसच्या आसपास असले की घरी भिंतीवर लावायचं चित्रसुद्धा निघतं, आणि आज त्याहून फार कमी कुणी देतही नाही. खरा फरक सेन्सरच्या आकाराचा. चाळीसपट झूमच्या छोट्या कॅमेऱ्यात साधारण सहा बाय साडेचार मिलिमीटरचा सेन्सर असतो, म्हणजे तुरीच्या डाळीचा एक दाणा धरा. 'एक इंची' म्हणून जो मिळतो तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. (तो कुठूनही इंचभर नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून ते नाव चिकटलंय.) क्षेत्रफळ काढलंत तर चौपट. उजेड गोळा करायचं ताट चौपट मोठं, त्यामुळे संध्याकाळी, घरात, मठाच्या ओसरीत फोटो कमी खरखरीत येतो.

मग सगळेच मोठं ताट का देत नाहीत? कारण ताट मोठं झालं की तेवढ्याच झूमला लेन्स फार मोठी लागते आणि ती पर्समध्ये मावत नाही. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस हा चाळीसपट झूमवाल्यांतला ओळखीचा. त्याची लेन्स २४ पासून थेट ९६० मिलिमीटरपर्यंत जाते (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं), पण त्या शेवटच्या टोकाला उजेड आत घेणारं भोक f/६.९ इतकं बारीक होतं. भर उन्हात ठीक, सूर्य कलला की हात हललेले फोटो. उलट सोनीचा आरएक्स१०० मार्क सेव्हन एक इंची सेन्सरवर २४ ते २०० पर्यंत जातो, ३०२ ग्रॅमचा आहे आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात बसतो. कॅननचा जी७एक्स मार्क थ्री १०० पर्यंतच जातो, पण त्याची लेन्स जास्त उजेड घेते. रिकोच्या जीआर थ्रीत सेन्सर याहून मोठा, वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास, पण झूम अजिबात नाही. तो कॅमेरा मला फार आवडतो आणि तुम्ही तो मुळीच घेऊ नका.

का घेऊ नका ते मला कसं कळलं? तुम्हीच लिहिलंय, की किब्बरच्या कड्यांवर भरल म्हणजे निळी मेंढरं दिसतात असं मैत्रिणीने सांगितलंय. त्यांच्यासाठी झूम हवा. पण किती हवा, याचं उत्तर दुकानात मिळत नाही, तुमच्याच फोनमध्ये मिळतं. मागच्या दोन सहलींचे फोटो काढा आणि दोन बोटांनी ताणून लांबचं जवळ करावंसं वाटलं असे किती आहेत ते मोजा. दोनशेत दहा निघाले तर २०० मिलिमीटर पुष्कळ झाले. सत्तर-ऐंशी निघाले, त्यातही पक्षीच पक्षी असतील, तर दुकानदाराचा चाळीसपट कॅमेरा तुमच्यासाठी बरोबर आहे आणि संध्याकाळच्या फोटोंवर पाणी सोडा. ऐरोलीच्या खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला नेमाने जाणाऱ्या वाचकांना मी बेलाशक तोच घ्या म्हणते. तुम्ही ताबोच्या मठासाठी चांगला अंधारातला कॅमेरा हवा असंही लिहिलंय. ९९६ साली बांधलेला तो मठ बघायलाच हवा, पण आतल्या भित्तिचित्रांचे फोटो काढायला मनाई आहे. तेवढ्या कारणाने खर्च वाढवू नका.

आता मूळ मुद्दा, जेवणाचा. दुकानात गेलात की कॅमेरा हातात घेऊन आधी पालथा करा. खालचं झाकण उघडा. आत एक छोटी खिट्टी दिसेल, ती नखाने बाजूला सरकवली की बॅटरी स्प्रिंगने किंचित वर येते. तशी आली नाही, म्हणजे बॅटरी काढताच येत नसेल, तर तो कॅमेरा तिथेच ठेवा. नऊ दिवसांच्या प्रवासात एकाच पोटावर भिस्त नको. मग विचारा, ही बॅटरी सुटी मिळते का, आज तुमच्याकडे आहे का, आणि दुसऱ्या कोणत्या मॉडेलला चालते? आरएक्स१०० कुटुंबाचं मला हे एक आवडतं. २०१२च्या पहिल्या मॉडेलपासून २०१९च्या सातव्यापर्यंत एनपी-बीएक्स१ ही एकच बॅटरी चालते. म्हणून ती सहज मिळते आणि पुढची काही वर्षं मिळत राहील.

पुढचा प्रश्न पिनचा. टाइप-सी असेल तर तुमच्या फोनची केबल चालते, एक वायर कमी. युरोपात २८ डिसेंबर २०२४पासून नव्या कॅमेऱ्यांनाही टाइप-सीची सक्ती झाली आहे, त्यामुळे नवे कॅमेरे त्याच वाटेने येतील. पण २०१९चा मार्क सेव्हन जुन्या मायक्रो यूएसबीचा. तो घेतलात तर ती केबल आठवणीने दोन घ्या, काझात फोनच्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका. आणि टाइप-सी दिसली म्हणून हुरळूनही जाऊ नका. काही कॅमेरे पीडी (पॉवर डिलिव्हरी, जलद चार्जिंगची एक पद्धत) लिहिलेल्या चार्जरशिवाय किंवा पॉवरबँकशिवाय चार्जिंग घेतच नाहीत. म्हणून दुकानात जाताना स्वतःचा चार्जर आणि पॉवरबँक घेऊन जा, तिथेच लावा आणि कॅमेऱ्यावरचा बारका दिवा लागतो का ते बघा. दुकानदार जरा बघेल तुमच्याकडे. बघू दे.

खोक्यावर '२६० फोटो' असं काहीतरी छापलेलं असतं (मार्क सेव्हनचा आकडा स्क्रीन वापरून तेवढाच आहे). हा आकडा जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या, सीपाच्या, ठरलेल्या पद्धतीने काढतात. दर तीस सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फ्लॅश, मधे झूम आतबाहेर. तुम्ही तसे फोटो काढणार नाही. उन्हात, फ्लॅश बंद ठेवून भराभर काढलेत तर चारशेही निघतील. कॅमेरा चालू ठेवून "थांब, तुझे केस नीट कर" करत बसलात, व्हिडिओ काढलात, फोटो वायफायने फोनवर टाकत राहिलात, तर दीडशेलाच लाल चिन्ह येईल. छोट्या कॅमेऱ्याचं पोट छोटंच असतं आणि पातळ, हलका हवा म्हटलं की ते पत्करावं लागतं. तेव्हा दोन बॅटऱ्या जास्तीच्या घ्या, म्हणजे एकूण तीन. एका जास्तीच्या बॅटरीवर मी पूर्वी भागवत असे, आता नाही.

जास्तीच्या बॅटरीवरून माझीच फजिती सांगते. एकदा स्टेशनबाहेरच्या एका टपरीवरून डुप्लिकेट बॅटरी घेतली, मूळ बॅटरीच्या पाचव्या हिश्शात. सहलीच्या तिसऱ्या दिवशी बदलायला गेले तर खिट्टी सरकते आणि बॅटरी काही वर येत नाही. टॉर्च मारून पाहिलं तर तिची कड सरळ नव्हती, टम्म पुरीसारखी फुगली होती आणि खाचेत घट्ट बसली होती. भाच्याने सुरी आणली. मी ओरडले, ते बरं झालं. फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोचलं किंवा वाकवलं की ती पेट घेऊ शकते. कॅमेरा तसाच बंद ठेवून परत आणला, दुरुस्तीवाल्याने झाकणाची चौकट सोडवून ती काढली. बॅटरीचे वाचवलेले पैसे दुरुस्तीत गेले आणि वर सहाशे मोजले. म्हणून बॅटरी कॅमेऱ्याच्याच कंपनीची घ्या, नाहीतर नाव असलेल्या, बिल देणाऱ्याची. जुनी फुगलेली सापडली तर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

बाहेरचा बॅटरी चार्जर मिळत असेल तर तोही घ्या, आणि या एका गोष्टीवर मी आग्रह धरते. कॅमेऱ्यातच बॅटरी चार्ज करायची म्हटली की कॅमेरा पॉइंटला बांधला जातो. वेगळा चार्जर असला की एक बॅटरी तिकडे जेवते आणि दुसरी तुमच्याबरोबर फिरते. यूएसबीवर चालणारा दोन खाचांचा चार्जर काडेपेटीहून थोडा मोठा असतो.

हिशेब करून दाखवते, तुम्ही बँकेतल्या म्हणून. एनपी-बीएक्स१ बॅटरीत साधारण साडेचार वॉट-तास (साठवलेली वीज मोजायचं माप) मावतात. दहा हजार एमएएचच्या पॉवरबँकेत ३७ वॉट-तास, पण व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत बराच भाग जातो, हाताशी पंचविसेक लागतात. म्हणजे कॅमेऱ्याच्या पाच बॅटऱ्या पूर्ण भरतात. पाच हजार एमएएचचा फोन मात्र त्यातून जेमतेम एकदाच भरतो. तेव्हा पॉवरबँक कॅमेऱ्यासाठी म्हणून घ्या आणि तिला फोन लावू देऊ नका, अगदी स्वतःचासुद्धा. फोनसाठी वीस हजारांची दुसरी. ती ७४ वॉट-तासांची होते, विमानातली १००ची मर्यादा ओलांडत नाही. चंडीगडपर्यंत विमानाने जाणार असाल तर पॉवरबँका आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत हव्यात, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. बॅटरीची पितळी टोकं किल्ल्यांना, नाण्यांना लागू देऊ नका. बरोबर येणारं प्लास्टिकचं टोपण फेकता ना सगळे, ते त्यासाठीच असतं.

पॉवरबँकची एक खोड सांगून ठेवते. काही पॉवरबँका, जोडलेली वस्तू फार थोडी वीज ओढतेय असं दिसलं की काम संपलं समजून आपोआप बंद होतात. कॅमेऱ्याची बॅटरी लहान, त्यामुळे सकाळी उठून पाहावं तर अर्धीच भरलेली. तुमची असं करते का ते ठाण्यातच एक रात्र लावून बघा. करत असेल तर दोन बॅटऱ्या एकदम लावा किंवा पॉवरबँक बदला.

स्पितीत वीज नाही असं नाही, पण ती सांगून जात नाही. होमस्टेमध्ये बहुतेक वेळा सगळ्यांत भरवशाचा पॉइंट स्वयंपाकघरात असतो, जिथे बुखारीपाशी, म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीपाशी, सगळे बसलेले असतात, आणि तिथे एका बोर्डावर सहा फोन लोंबकळत असतात. तिथे कुणाचा फोन काढून आपला चार्जर लावायला तुम्ही जाणार नाही, कच्छावरून मला एवढं कळलंय. म्हणून चार यूएसबी खाचांचा एक चार्जर आणि हातभर वायरचा एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर न्या. एका पॉइंटवर पाच-सहा जणांची सोय होते, कुणाला नाही म्हणावं लागत नाही आणि बोर्ड तुमचा असल्यामुळे त्यातली एक खाच आपोआप तुमची.

याहून मोठा पॉइंट तुमच्या गाडीत आहे आणि तो बहुतेकांना सुचत नाही. या वाटेवर तुम्ही रोज पाच-सात तास टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसणार. ड्रायव्हरजवळच्या सिगरेट लायटरच्या खाचेत बसणारा दोन यूएसबी खाचांचा चार्जर काही शेकड्यांत येतो. निघताना बॅटऱ्यांचा चार्जर त्याला जोडून दोन रिकाम्या बॅटऱ्या लावा, मुक्कामाला पोचेपर्यंत भरतात. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरदादांशी बोलून ठेवा, चहा तुमच्याकडून. गाडी बंद असताना मात्र काढून घ्या, त्यांची बॅटरी उतरली तर फोटोंपेक्षा मोठा प्रश्न होईल.

सप्टेंबरअखेर काझाची रात्र शून्याच्या जवळपास जाते. गारठ्यात बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, वीज असते पण ती बाहेर द्यायला बॅटरी कुरकुरते. लाल चिन्ह दिसलं म्हणून ती संपली असं समजू नका. काढून स्वेटरच्या आतल्या खिशात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, बऱ्याचदा वीस-तीस फोटो आणखी देते. रात्री तिन्ही बॅटऱ्या पांघरुणात घ्या. गाडीत राहिलेली, हाताला बर्फगार लागणारी बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नका, शून्याखाली चार्ज केलं तर आत धातूचा थर बसून ती कायमची बिघडते. आधी खोलीत ऊबेला येऊ द्या. आणि एसी लोकलमधून उतरून ठाणे स्टेशनच्या पुलावर आलात की चष्म्यावर जे धुकं येतं, तेच गार कॅमेरा बुखारीच्या खोलीत नेलात की लेन्सवर येतं, आतूनही. बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करून मग आत न्या आणि तासभर उघडू नका. फोटो बघायची घाई सगळ्यांना असते. थांबू द्यात.

वाचवायचं म्हटलं तर वायफाय आणि ब्लूटूथ बंद, स्क्रीन एका मिनिटात झोपेल अशी वेळ लावलेली, आणि नको ते फोटो पुसायचं काम घरी आल्यावर. एवढंच. स्क्रीन अंधूक करून उन्हात डोळे ताणणं मला पटत नाही, त्यासाठीच तर तीन बॅटऱ्या.

साठ हजारांत काय येईल? नवा मार्क सेव्हन येणार नाही. माझं मत, याच कुटुंबातला सहावा किंवा पाचवा चांगल्या अवस्थेतला सेकंडहँड बघावा. झूम हवा तर सहावा, त्याची लेन्सही २०० पर्यंत जाते. पाचवा ७० लाच थांबतो, पण अंधारात बरा. सेकंडहँडला तुमच्या घरी नाकं मुरडतील, तेव्हा बँकेत तारण बघायचात तसं बघून घ्या. बोरा बझारच्या गल्लीत सीएसएमटीहून चालत पाच मिनिटांत पोचाल, तिथे दोन-तीन दुकानं फिरा. झूम पूर्ण आत-बाहेर करताना करकर आवाज येतो का ऐका. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके दिसतात का बघा. लेन्समध्ये टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का पाहा. ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती सर्रास लागते आणि या कॅमेऱ्यांची लेन्स सुटी होत नसल्यामुळे साफ करणं महागात पडतं. तुम्हीही कॅमेरा घरी आणलात की कापडी पिशवीत, कपाटाच्या तळाशी ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि बॅटरी काढून निम्मी भरलेली. नवाच हवा असा घरचा आग्रह झाला तर भारतातली वॉरंटी लिहिलेलं बिल घ्या. बाहेरून आलेला माल स्वस्त पडतो, पण बिघडला की इथलं सर्व्हिस सेंटर दारात घेत नाही.

ज्या वाचकांकडे आधीच एखादा जुना कॉम्पॅक्ट ड्रॉवरमध्ये पडून आहे त्यांनी खरेदीआधी त्याला एक नवी बॅटरी घालून बघावी. ताई, तुमचा २०१२चासुद्धा. लेन्स आत गेली आणि चालू झाला, तर तो एखाद्या मैत्रिणीच्या हातात द्या, स्वतःचा कॅमेरा दर दहा मिनिटांनी मागितला जाणार नाही.

हट्ट सोडू का, असं विचारलंत. सात वर्षांपूर्वीची पौर्णिमा तुम्हाला एवढ्या तपशिलात आठवते, मीठ, चंद्र, बाहेर राहिलेली लेन्स. मग सोडून जाणार कुठे तो? ऑगस्टच्या मध्यापर्यंत कॅमेरा हातात येईल असं बघा, सप्टेंबरच्या वीस तारखेला नको. आला की एका शनिवारी एकच बॅटरी काठोकाठ भरा आणि संध्याकाळी तलावपाळीला जा. पावसाची उघडीप बघून. कोपिनेश्वराच्या बाजूचे दिवे पाण्यात पडतात ते काढा, शेवपुरीची गाडी काढा, रविवारी उपवनला बगळे काढा. मुद्दाम पुन्हा चार्ज करू नका, कॅमेरा आपणहून बंद होईपर्यंत वापरत राहा आणि तेव्हा किती फोटो झाले तो आकडा लिहून ठेवा. खोक्यावरच्या २६०पेक्षा तो जास्त खरा, कारण तो तुमच्या हाताचा आहे. त्यावरून रोज किती बॅटऱ्या लागतील ते कळेल. लेन्स बाहेर राहिली तरी घाबरू नका, दुसरी बॅटरी पर्समध्ये असेल. घातलीत की ती आत जाते.

बोर्ड मात्र यजमानांच्या बॅगेत भरू नका. स्वतःच्या ठेवा.